चादरीखालचं प्लॅस्टिक

गुलाबकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत छापखान्यात उभी राहून एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते. फोन त्यांच्या बायकोचा, मंजुळाकाकूंचा, अकोल्याहून. आवाज कोरडा होता. "बाई, तुया काका गेला. सकाळी चहा घेतला, मंग म्हने छातीत कसंतरी होऊन राहिलं, अन् दवाखान्यात नेईपर्यंत... तुया आईले सांगजो." मी "हो काकू" म्हणाले, फोन ठेवला आणि प्रूफच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल. मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच... पण वाटलं. आता कुणी विचारणार नाही, असं. मग तीच ओळ मी तिसऱ्यांदा वाचायला लागले आणि छापखान्याच्या मालकांनी मला खुर्ची दिली.

त्याला आता दीड महिना झाला. माणूस गेल्यावर लिहिलेल्या लेखात त्याचं कौतुक असतं. इथेही ते येईल, कारण गुलाबकाकांचं कौतुक केल्याशिवाय त्यांच्याबद्दल लिहिताच येत नाही. पण मी लिहितेय ते त्यासाठी नाही. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या हॉलमध्ये, आईसमोर, त्यांच्या तोंडावर एक वाक्य बोलले. ते खोटं होतं. त्या वाक्याने त्यांचं नाव खराब झालं, आणि नाव हीच त्यांची आयुष्यभराची कमाई होती. खोटं चार घरांत पसरलं होतं. खरं त्याहून जास्त घरांत पोचलं पाहिजे, म्हणून हे छापायला देतेय.

गुलाबकाका नात्याने काका नव्हते. ते बाबांचे मित्र, अकोल्यात राहणारे, घरं रंगवणारे पेंटर. आपली दोस्ती भिंतीवर झाली, असं बाबा सांगायचे. तरुणपणी चळवळीच्या दिवसांत बाबा घोषणा कागदावर लिहून द्यायचे आणि गुलाबकाका त्या गेरूने, निळीने भिंतीवर उतरवायचे. दोरी न मारता त्यांची ओळ सरळ यायची. बाबांच्या घोषणेत शुद्धलेखनाची चूक सापडली की ते ब्रश खाली ठेवायचे. "भिंतीवर चुकलं तं गाव हासते, भाऊ. आधी कागदावर सुदरव." पुढे घोषणा लिहायचे दिवस सरले, तेव्हा ते घरं रंगवू लागले आणि बाबा नोकरी सांभाळून पत्रकं काढत राहिले. आमच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या मथळ्यांवरून. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता यायचे. अशा घरात माझं नाव क्रांती ठेवलं गेलं यात नवल नव्हतं. त्या नावावरून गुलाबकाकांनी मला जन्मभर छळलं. मी दीड वर्षाची असताना बाबांना म्हणाले होते म्हणे, "क्रांती कवा येते म्हनून आपन इतके वर्षं वाट पायली, अन् आली तं मायाच मांडीवर मुतली."

सहा वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतरही गुलाबकाका येत राहिले. बाबांच्या नसण्याबद्दल ते कधी जड बोलले नाहीत. यायचे, घरभर फिरून भिंतींवरून तळहात फिरवायचे आणि आईला सांगायचे, "वयनी, हे भिंत ओल धरून राहिली. दिवाळीच्या आधी पाहू." मग दिवाळीच्या आधी खरंच हजर व्हायचे. सोबत ब्रशांची पिशवी, रोलर आणि एक मोठं गाठोडं. गाठोड्यात फक्त झाकायचं सामान... जाड प्लॅस्टिकची मोठमोठी पानं, धुऊन मऊ झालेल्या जुन्या चादरी, चिकटपट्ट्या, सुतळी.

झाकणं ही त्यांची खासियत होती. पहिला अख्खा दिवस ते डब्याचं झाकणसुद्धा उघडत नसत. कपाट, टीव्ही, पंखा, स्विचबोर्ड, खिडकीचे गज, सगळं गुंडाळायचं. आधी प्लॅस्टिक, त्यावर चादर. नुसतं प्लॅस्टिक टाकलं तर थेंब त्यावरून ओघळून फरशीवर जातो, आणि नुसती चादर टाकली तर थेंब आरपार जातो. प्लॅस्टिकने अडवायचं आणि चादरीने प्यायचं. बाकीचे पेंटर त्यांची टिंगल करायचे. अकोल्यात त्यांना 'झाकणवाले' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. मी शाळेत असताना एकदा त्यांना विचारलं होतं, इतका वेळ कशाला घालवता? ते म्हणाले, "रंग तं कोनीबी देते बाई. दुसऱ्याच्या घरात आपन जातो, तिथची एक एक चीज त्यानं कशी घेतली, काहून घेतली, आपल्याले थोडी मालूम रायते. आपल्या हातून तिच्यावर डाग पडू नये." चाळीस वर्षं कामाची, आणि कुणाच्या सामानावर त्यांचा एक थेंब नाही. हे ते स्वतः सांगायचे नाहीत. लोक सांगायचे.

आता सोफ्याबद्दल सांगते. तो आईचा. आई शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली त्या वर्षी कॅम्पातलं एक अधिकाऱ्याचं कुटुंब बदली होऊन जात होतं, त्यांच्याकडून तिने तो घेतला. खऱ्या चामड्याचा, गडद तपकिरी, तिघांना बसता येईल असा. आईने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून घेतलेली ती पहिली मोठी वस्तू असावी. दुपारी त्याच्या डाव्या कोपऱ्यात पाय वर घेऊन ती पेपर वाचायची. मला तो सोफा सहन होत नसे. बाबांच्या पत्रकांच्या घरात साहेबाच्या घरचं चामडं आलं, याचा मला राग होता. मी त्यावर बसायचे नाही. त्याच्यासमोर फरशीवर चटई टाकून पत्रकांच्या घड्या घालत बसायचे, म्हणजे आईला दिसावं. आई म्हणायची, "बस ना वर. चामडं चावते का तुले?" मी पुढची घडी घालायचे. काही न बोलता दुसऱ्याला कमी लेखण्यात मी तेव्हाही तरबेज होते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी गुलाबकाका हॉल रंगवायला आले. आमच्याकडेच मुक्कामी होते. पहिल्या दिवशी सोफा हॉलच्या मधोमध ओढून त्यांनी तो झाकला. खाली प्लॅस्टिक, चारी बाजूंनी दुमडून आत खोचलेलं. वर चादर. दुसऱ्या दिवशी छताला पांढरा द्यायचा होता. सकाळी रोलरचा दांडा तुटलेला निघाला म्हणून ते चौकातल्या दुकानात गेले. आई अंघोळीला गेली होती. आणि मी धरण्याला निघाले होते.

ते धरणं घरकाम करणाऱ्या बायकांचं होतं. एका बाईवर ती काम करत असलेल्या घरात चोरीचा आळ आला होता. पुरावा काहीच नव्हता. वस्तू सापडत नाही, म्हणजे बाईनेच घेतली, एवढंच. त्याविरुद्धचं पत्रक मी लिहिलं होतं. आदल्या रात्री अवकाळी सर येऊन गेली होती आणि कलेक्टर ऑफिससमोरची जागा चिखलाची झाली असणार, बायका बसणार कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यात होता. समोर सोफा दिसला. मी चादर उचलली, खालचं प्लॅस्टिक ओढून काढलं, त्याची घडी घातली आणि चादर होती तशी नीट पसरून ठेवली. तिच्या कडासुद्धा खोचल्या. संध्याकाळपर्यंत परत आणू, असा विचार केला. खरं तर तेवढाही केला नाही. सोफ्याचं काय व्हायचं ते होवो, असंच कुठेतरी मनात असणार.

चार वाजता परत आले तेव्हा प्लॅस्टिक माझ्याजवळ नव्हतं. दुपारी पुन्हा पाऊस आला, बायकांनी ते डोक्यावर धरलं आणि पांगापांगीत ते कुणाबरोबर तरी गेलं. हॉलमध्ये कुणी नव्हतं. छत पांढरंशुभ्र झालं होतं. मागच्या मोरीत गुलाबकाका हातपाय धूत होते, आई भाजी आणायला गेली होती. मी चादर उचलून पाहिली. जुनी, विरलेली चादर. तपकिरी चामड्यावर जिकडेतिकडे पांढरे ठिपके होते, काही ज्वारीच्या लाह्यांएवढे, आणि रोलर ट्रेमध्ये बुडवताना उडाला असेल तिथे तळहाताएवढा एक शिंतोडा. बहुतेक वाळत आले होते.  दारांच्या ऑइलपेंटसाठी आणलेली थिनरची बाटली कोपऱ्यात होती. मी फडक्यावर थिनर घेऊन तो मोठा शिंतोडा घासला. पांढरा गेला, आणि त्याच्यासोबत तपकिरीही गेला. फडकं तपकिरी झालं आणि सोफ्यावर कोडासारखा फिकट डाग पडला.

तेवढ्यात आई दारात आली, आणि थिनरच्या वासाने मागून गुलाबकाकाही आले. काकांनी चादर उचलली, खाली पाहिलं, चादर पुन्हा टाकली, पुन्हा उचलली. "प्लॅस्टिक टाकलतं ना मी..." ते स्वतःशीच म्हणाले. आई म्हणाली, "टाकलं होतं तर मग गेलं कुठं, भाऊजी?" आणि मी म्हणाले, "नव्हतंच. सकाळी निघताना मी पाहिलं. नुसती चादर होती."

एवढंच. फार तर दहा शब्द असतील.

गुलाबकाका माझ्याकडे पाहत राहिले. संशयाने नव्हे. ज्याच्या शब्दावर भरवसा आहे त्याच्याकडे माणूस पाहतो तसे. मग त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "टाकलं नसन मंग."

मी असं का केलं, याचा मी खूप विचार केला आहे. आई रागावेल ही भीती नव्हती, आईच्या रागाला मी कधीच भ्यायले नाही. मला सवय होती ती बरोबर असण्याची. लहानपणापासून मी ज्या बाजूला उभी असायचे तीच न्यायाची बाजू असायची, आणि चूक नेहमी समोरच्याची. आमच्या पत्रकांत 'मी' नसतो. 'आम्ही' असतो, आणि 'ते' असतात. आपण 'ते' ठरलो तर काय करायचं, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं. मी त्या दिवशी सकाळी कलेक्टर ऑफिससमोर माईक हातात घेऊन म्हणाले होते की, वस्तू सापडत नाही म्हणून राबणाऱ्या माणसावर आळ घेणं थांबवा. संध्याकाळी मी एका राबणाऱ्या माणसावर आळ घेतला. 

पुढचे दोन दिवस गुलाबकाकांनी भिंतींना हात लावला नाही. ते सोफ्यापाशी फरशीवर मांडी घालून बसून राहिले. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, आणि धोतराचं मऊ फडकं, पिळून जवळजवळ कोरडं केलेलं. जे ठिपके अजून मऊ होते ते त्याने निघाले. वाळलेल्यांवर त्यांनी करंगळीने खोबरेल तेल लावलं, एकेका ठिपक्यावर वेगळं, आणि अर्धा अर्धा तास थांबले. मग बांबूची कामटी घासून तिची कड चपटी केली आणि रंगाच्या कडेखाली ती सरकवत सरकवत ठिपका सालपटासारखा उचलला. शिवणीत गेलेला रंग काडीला कापूस गुंडाळून काढला. मला त्यांनी तेलाची वाटी धरायला बसवलं होतं. "थिनर कोन लावलं?" त्यांनी विचारलं. हे मी कबूल केलं. सोफा वाचवायला लावलं, असं म्हणाले. ते रागावले नाहीत. "चामडं म्हंजे कातडी असते, बाई. मानसाच्या अंगावर पडलं असतं तं थिनरनं घासलं असतं का तू?"

त्या फिकट डागासाठी ते चौकात बसणाऱ्या चपला शिवणाऱ्या दादांकडे गेले आणि तासभर त्यांच्याशेजारी बसून आले. आपल्याला येत नाही ते ज्याला येतं त्याला विचारायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. दोन तऱ्हेची पॉलिशं घेऊन आले, बशीत मिसळून छटा जुळवली आणि बोटाने इतकी पातळ लावली, इतक्यांदा लावली, की शेवटी डाग शोधावा लागू लागला. आई म्हणाली, "राहू द्या आता भाऊजी, दिसत नाही." ते म्हणाले, "मले दिसते, वयनी."

दुसऱ्या दिवशी दुपारी, आई आत असताना, हातातली कामटी थांबवून त्यांनी मला विचारलं. "क्रांते, एक सांग. तू पायलं तवा चादर सरकेल तं नवती? खाली प्लॅस्टिक असन, तुले दिसलं नसन..." ते जवळजवळ विनवत होते. सोपं होतं. मी वाटी खाली ठेवून सांगू शकले असते. ते हसले असते, मला खात्री आहे. माझ्या नावावरून आणखी एक विनोद केला असता आणि तो मला पुढची वीस वर्षं ऐकवला असता. मी म्हणाले, "नाही काका. मी नीट पाहिलं." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कामटी सरकवायला लागले. पहिलं खोटं घाबरून बोलले, असं मी स्वतःला सांगू शकते. दुसऱ्यासाठी माझ्याकडे तेही कारण नाही.

आईने कुणाकडे तक्रार केली नाही. ती फक्त हळहळली. शेजारच्या काकूंनी सोफ्याचं विचारलं तेव्हा म्हणाली, "माणूस सोन्यासारखा, पण आता वय झालं बिचाऱ्यांचं. झाकायचं विसरले." आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी त्या दिवाळीला त्यांना सांगून ठेवलं होतं. दोन्ही घरांनी दुसरा पेंटर पाहिला. कुणी त्यांना वाईट बोललं नाही, कुणी भांडलं नाही. 'वय झालं' एवढंच, आणि तेही मायेने. लोक भांडले असते तर काकाही भांडले असते. मायेला काय उत्तर देणार? जाताना ते गाठोडं बांधत होते, आणि मी पाहिलं, एकेक प्लॅस्टिक उलगडून पुन्हा मोजत होते. "एक अकोल्यालेच राह्यलं असन," म्हणाले. मी त्यांना ऑटोपर्यंत सोडायला गेले. गाठोडं मीच उचललं होतं.

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. आई फोन करायची, ते काहीतरी कारण सांगायचे. मी त्यांना आणखी एकदाच भेटले, वर्षभराने, अकोल्यात. तिथे आमची एक सभा होती. मी बोलत असताना ते मागच्या रांगेत येऊन उभे राहिले आणि संपल्यावर मला चहाच्या टपरीवर घेऊन गेले. माझं भाषण त्यांना आवडलं होतं. "बापाहून बरी बोलतं तू. तो अडखळे." मग मी विचारलं, काम कसं चाललंय. त्यांनी कपातल्या चहाकडे पाहत सांगितलं की आता ते घरातलं काम घेत नाहीत. कंपाउंडच्या भिंती, फाटकं, दुकानांची शटरं, एवढंच. "घरात लोकायच्या वस्तू असते ना बाई. मायं डोकं आता धोका देऊन राहिलं." मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "काका, डॉक्टरांना दाखवा ना एकदा." ते म्हणाले, "दाखवलं. तो म्हने सारं बरोबर हाय, काई नाई झालं तुमाले. पन त्या डॉक्टरले काय मालूम, प्लॅस्टिक कुठं गेलं ते!" आणि हसले. मीही हसले. टपरीवाल्याने विचारलं, "अजून चहा देऊ का?" आणि मी हो म्हणाले, कारण तेवढा वेळ काही बोलावं लागणार नव्हतं.

ते गेले त्या दिवशी मी अकोल्याला गेले नाही. मोर्चाची तयारी आहे, असं आईला सांगितलं, आणि ती एकटी गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मात्र आईने मला विचारलंच नाही, नुसतं म्हणाली, "कपडे घाल." अकोल्याच्या घरी कार्यक्रम झाला, माणसं जेवून गेली आणि दुपारी आम्ही तिघीच राहिलो. मी, आई आणि मंजुळाकाकू. काकूंनी ट्रंकेतून एक छोटी वही काढली, शाळेतल्या पोरांची असते तशी, आणि माझ्या हातात दिली. "तू लिहिनारी हायस, म्हनून तुले दाखवतो. त्या दिवाळीपासून हे सुरू झालं होतं त्याईचं."

वहीत त्यांचं अक्षर होतं, भिंतीवर लिहायचे तसंच, वरची रेघ सरळ. पहिल्या पानांवर घरांची कामं होती. 'कपाट झाकलं. टीव्ही झाकला. शिलाई मशीन झाकली. दोनदा पाहिलं.' पुढच्या पानावर तेच, दुसरं घर. मग घरं संपली. 'फाटक झाकलं. नळ झाकला. कुंड्या झाकल्या. दोनदा पाहिलं.' मी पानं उलटत गेले. मधल्या पानांपासून रंगकाम दिसेनासं झालं आणि स्वतःचं घर सुरू झालं. 'गॅस बंद केला. मागची कडी लावली. दोनदा पाहिलं.' 'गोळी घेतली. दोनदा पाहिलं.' 'मंजुळाला बाजारातून आणलं.' शेवटच्या पानावर, गेले त्याच्या आदल्या दिवशीचं, 'कडी लावली' एवढंच होतं.

काकू सांगत होत्या, "काई विसरत नवते वो ते. मी म्हनलं किती डाव. पन आयकत नवते. मी विसरतो, म्हने. मायं डोकं गेलं, म्हने."

मी म्हणाले, "काकू, प्लॅस्टिक मी काढलं होतं."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सगळं. धरण्याचं, चादर नीट खोचून ठेवल्याचं, आईसमोर बोलले ते, आणि त्यांनी विचारलं तेव्हा दुसऱ्यांदा बोलले ते. टपरीवरचंही. आईचा हात तोंडावर गेला. "मी तर सगळ्यांना सांगत फिरले," ती म्हणाली. "अगं मी तर घरोघर सांगितलं..."

मंजुळाकाकूंनी वही माझ्या हातातून काढून घेतली. "घरभर धुंडलं त्याईनं ते प्लॅस्टिक," त्या म्हणाल्या. "माळ्यावर चढले. लोकायच्या घरी जाऊन इचारून आले, की मायं एक प्लॅस्टिक तुमच्याकडं राह्यलं का. मले राग आला एक दिवस. मी म्हनलं, म्हातारा झाला तुमी, आता बसा घरी." त्यांचा आवाज तिथे पहिल्यांदा फाटला. "मी बी म्हनलं वो बाई... मी बी म्हनलं."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला खांद्याला धरून मागे सारलं, रागाने नाही, पण जवळही घेतलं नाही. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी ते मागूही शकले नाही. त्या उठल्या, फळीवरून पेन आणलं आणि वही माझ्यापुढे उघडून ठेवली, शेवटच्या ओळीच्या खालची कोरी जागा दिसेल अशी. "लिही."

मी पेन घेतलं आणि माझ्या सवयीने सुरुवात केली. वाचून दाखवत लिहायला लागले. 'दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी घडलेल्या एका दुर्दैवी...'

"लंबं नको लिहू," काकू म्हणाल्या. "ते एका ओळीत लिहीत."

मी ते खोडलं. खाली लिहिलं: 'सोफा झाकला होता. प्लॅस्टिक क्रांतीने काढलं.'

"वाच."

मी वाचलं. आई रडत होती. काकूंचे डोळे कोरडे होते. त्या माझ्याकडे नाही, वहीकडे पाहत होत्या.

"अजून एक डाव वाच," त्या म्हणाल्या. "ते दोनदा पाहात."

मी दुसऱ्यांदा वाचलं.